गेर्डाच्या व्हिसासाठी आंबेगावला

या प्रवासाची हकिकत सांगण्यापूर्वी एक नाव लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. आंबेगावच्या चंद्राबाई, माझी मामी. मी पाटीवर अक्षरे गिरवू लागण्याआधीच माझी आई वारली. तेव्हा मामा-मामींनी मला वडिलांच्या डिंगोरे गावाहून नेऊन आपल्या घरी वाढवले. पुढे जुन्नरच्या हायस्कुलात शिकायला गेलो, तेव्हा बाजाराला येणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या हाती मामी तांदूळ, नाचणीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी पाठवीत राहिली. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. त्या पदवीत माझा अभ्यास किती आणि मामीचे कष्ट किती, हे मला सांगता येणार नाही.

अशा बाईकडे मी परदेशातून परतल्यावर एक मागणे घेऊन गेलो. तिच्याकडे मागावे असे ते मागणे नव्हते.

परदेशातला अर्ज

पश्चिम जर्मनीतल्या एका लहान गावी पाणी उपसण्याचे पंप बनवण्याचा कारखाना आहे. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मी तिथे शिकायला गेलो होतो. त्याच कारखान्याच्या कचेरीत गेर्डा टंकलेखनाचे काम करी. आम्ही लग्न करायचे ठरवले तेव्हा तिथली एक रीत मला फार आवडली. लग्नाआधी वधूवरांची नावे नगरपालिकेच्या फळ्यावर लावतात. जाणारे-येणारे ती वाचतात. कुणाची हरकत असेल तर त्याने आत येऊन सांगावी. मुदत संपली की अधिकारी दोघांना समोर बसवून एकेकाला विचारतो, दोघेही 'हो' म्हणाले की सह्या होतात. आमच्या नावांना कुणी हरकत घेतली नाही. एक म्हातारी तेवढी फळ्यासमोर उभी राहून माझे नाव पुन्हा पुन्हा उच्चारून बघत होती.

लग्न झाले. आता गेर्डाला हिंदुस्थानात आणायचे तर व्हिसा हवा. त्यासाठी आम्ही आगगाडीने आपल्या वकिलातीत गेलो. तिथल्या मद्रासी कारकुनांनी आम्हाला बसवून कॉफी दिली, अर्ज भरून घेतला आणि पुढची वाट समजावून सांगितली. अर्ज इथून मुंबईला जाईल, मुंबईहून पुण्याला, पुण्याहून तुमच्या गावी. गावात पोलीस चौकशी करतील. हा माणूस कोण, घरदार आहे का, चालचलणूक कशी, बायकोला नीट ठेवील का. उत्तर चांगले आले की व्हिसा.

उत्तर येण्याआधीच माझे शिक्षण संपले. शिष्यवृत्तीच्या करारात परतीची बोट ठरलेली होती, ती चुकवता येत नव्हती. गेर्डा मागे राहिली. बंदरावर तिने मला विचारले, "तुझ्या गावचे लोक आपल्याविषयी चांगलं सांगतील ना?" मी म्हणालो की ते चांगलेच सांगतील, वाईट सांगणे त्यांना जमणार नाही.

झालेही तसेच. गावाने माझ्याविषयी इतके चांगले सांगितले की अर्ज अडला.

पुणे

पुण्यात उतरल्यावर मी प्रथम सरकारी कचेरी गाठली. तिथल्या साहेबांनी कागद काढला, वाचला, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा वाचला. अहवालात म्हटले होते की अर्जदार डिंगोरे गावचा, चांगल्या शेतकरी घराण्यातला आहे. निर्व्यसनी आहे. विवाहित असून पत्नी आंबेगाव येथे माहेरी राहते. पत्नीच्या आईस अर्जदाराच्या दुसऱ्या विवाहाची माहिती आहे.

मी म्हणालो की माझे एकच लग्न झाले आहे आणि ते गेर्डाशी. साहेब म्हणाले, "असेल. पण आपल्या राज्यात पहिली बायको असताना दुसरी करता येत नाही. हा कागद असाच मुंबईला गेला तर अर्ज नामंजूर होईल, आणि नामंजूर झालेला अर्ज पुन्हा उघडणं फार कठीण. मी थोडे दिवस थांबवतो. ज्यांनी सांगितलं त्यांनीच मामलेदारांपुढे येऊन खुलासा करायला हवा. तुमचा खुलासा नको. त्या बाईंचा हवा."

त्या बाई म्हणजे माझी मामी. वाचकांना इथे मागची गोष्ट सांगितली पाहिजे. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने आपल्या भावाजवळ एक मागणे मागितले. मामाची अंजना तेव्हा पाळण्यात होती. ही पोर माझ्या सदाशिवाला द्या, असे आई म्हणाली. मामाने हो म्हटले. आईने पडल्या पडल्या अंजनाच्या कपाळाला कुंकू लावले आणि आलेल्या मंडळींना साखर वाटली. आमच्याकडे याला लग्न ठरले असे म्हणतात, आणि मामाची मुलगी असली तर ते झाल्यातच जमा धरतात. पुढे मी त्याच घरी वाढलो. अंजना आणि मी एका ताटात जेवलो, एका चिंचेवरून पडलो. पुण्याला कॉलेजात जाताना मी मामाला सांगितले की अंजनाला मी बहिणीवाचून दुसऱ्या नजरेने पाहू शकत नाही. मामा "बघू" म्हणाला. तो 'बघू' मी सुटका समजलो. त्यानंतर वर्षभरात मामा गेला, आणि त्या 'बघू'बद्दल माझ्याशिवाय कुणालाच काही ठाऊक नाही, असे मी धरून चाललो.

जुन्नर

नारायणगाव सोडले की एसटीच्या खिडकीतून शिवनेरी दिसू लागते. परदेशात मी पुष्कळ किल्ले पाहिले. ते सुंदर राखलेले असतात आणि आत जायला तिकीट असते. आपला किल्ला पाहिला की मात्र घर जवळ आल्यासारखे वाटते.

जुन्नरला उतरून मी उस्मानभाईंच्या बांगड्यांच्या दुकानात गेलो. त्यांचा मुलगा शाळेत माझ्या बाकावर बसे. उस्मानभाईंनी चहा मागवला. तालुक्यातल्या बायका बांगड्या भरायला त्यांच्याकडे येतात, त्यामुळे कुठल्या गावात काय चालले आहे हे त्यांना वर्तमानपत्राच्या आधी कळते.

"सदाभाऊ," ते म्हणाले, "बाजारात तुमची दोन लग्नं झाल्याची बातमी हाय. आमच्या घरातली म्हनती, दोन सांगतात म्हंजे तीन असतील."

मी हसलो. ते मात्र लगेच गंभीर झाले. मामी दर बाजाराला त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून पाणी प्यायची. गेल्या बाजाराला ती रस्त्याच्या पलीकडून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून निघून गेली होती. "मी हाक मारली न्हाई," उस्मानभाई म्हणाले. "मारू नये, असं वाटलं."

डिंगोरे

घरी चुलतीने मासवड्या केल्या होत्या. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरायचे, तिला माशासारखा आकार देऊन वड्या कापायच्या, आणि वर झणझणीत रस्सा. जर्मनीत गेर्डाला मी या पदार्थाचे वर्णन करून सांगितले होते, तेव्हा मासा नाही तर माशाचा आकार कशासाठी, असे तिने विचारले होते. तोच प्रश्न मी आता चुलतीला विचारला. तिने मला आणखी एक वडी वाढली.

गावातल्या बाया ओसरीवर येऊन बसल्या. गेर्डा हे नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून त्यांनी परस्पर गिरजा करून टाकले. गिरजाला भाकरी थापता येते का, गिरजा अंघोळ रोज करते का, गिरजाची आई हयात आहे का, असे प्रश्न आले. शेवटचा प्रश्न एका म्हातारीने विचारला होता. नाही, असे मी सांगितले तेव्हा ती "आगं माझ्या बाई" एवढेच म्हणाली आणि उठून गेली.

आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी पिकापाण्याचेच बोलत राहिले. लग्न ठरल्याचे माझे पत्र त्यांना वेळेवर मिळाले होते. मामीला तुम्ही सांगा, असे मी त्यात लिहिले होते. मास्तरांकडून ते पत्र त्यांनी वाचून घेतले होते, पण आंबेगावला गेले नव्हते. मी कारण विचारले. "कुठल्या तोंडानं जाऊ?" ते म्हणाले.

मग धोंडिबा पाटील आले. गावचे पाटील म्हणून चौकशीत त्यांचाच जबाब झाला होता. त्यांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"सदा, आरं मी तुझं भलं कराया गेलो राव. हवालदार इचारतो, मानूस कसा हाय. म्हनलं सोन्यासारखा. इचारतो, भरवशाचा हाय का. आता बिनलग्नाच्या मानसाचा सरकार भरवसा धरतं व्हय? म्हनलं, बायकोवाला हाय, आंबेगावच्या लई चांगल्या घरची हाय. तवा तर हवालदार खूस झाला."

"पण काका, अर्ज बायकोचाच होता."

"ते मला त्यानं नंतर सांगितलं," पाटील म्हणाले.

ते माझ्याबरोबर आंबेगावला येणार म्हणून हटून बसले. आबांनी आपली काठी घेतली.

डोंगर ओलांडून

जुन्नरच्या पश्चिमेला बैलगाडीने काही अंतर गेल्यावर पायवाट लागते. ती डोंगर ओलांडून घोड नदीच्या खोऱ्यात उतरते. मोटारीने घोडेगावला वळसा घालता आला असता, पण आबांना सवय पायवाटेची. दिवाळी होऊन गेली होती. खाचरातला भात बहुतेक कापून झाला होता आणि उतारावरच्या वरकस जमिनीवर खुरासणीची पिवळी फुले होती. हिरड्याच्या झाडांखाली गार सावली पडली होती. कातकरी बाया मोळ्या घेऊन उतरत होत्या, त्यांनी आम्हाला वाट दिली.

चढणीवर माझ्या जर्मन बुटाचा तळवा उकलला. त्या बुटांवर मी दोन हिवाळे बर्फात काढले होते. पाटलांनी घायपाताचे पान ठेचून त्याचा वाख काढला आणि बूट पायाला बांधून दिला. "तिकडची वस्तू तिकडंच टिकती," ते म्हणाले, आणि आपण भलतेच बोललो असे वाटून पुढे चालू लागले.

माथ्यावर आम्ही टेकलो. एका बाजूला आमचे खोरे, दुसऱ्या बाजूला मामीचे. खाली नदी वळण घेत होती आणि वळणावर आंबेगावची कौले दिसत होती. आबांनी काठी आडवी ठेवली. ते म्हणाले, "तुझ्या आईनं जाताना येकच मागितलं."

मी म्हणालो, "आबा, मला ठाऊक आहे."

"तिला आसं कुटं ठावं व्हतं, तुमी एका घरात वाढाल," आबा म्हणाले. "ती जगली असती तर तू डिंगोऱ्यातच वाढला असता." मग ते उठले. या एका वाक्याचा विचार करायला त्यांना इतके दिवस लागले होते, असे मला वाटले.

आंबेगाव

मामी खळ्यावर होती. भाताच्या पेंढ्या फळीवर आपटून दाणे झोडण्याचे काम चालले होते. आम्हाला पाहून तिने हात थांबवला नाही. आबा आणि पाटील बांधावर बसले. मी बूट काढून ठेवले, एक पेंढी उचलली आणि तिच्या शेजारी उभा राहून झोडू लागलो. लहानपणी हे काम मी दरवर्षी केले होते. हात विसरले नव्हते, पण तळवे विसरले होते, ते लवकरच सोलवटले. मामीने एकदा माझ्या हातांकडे पाहिले आणि आपली पेंढी आपटली.

अंजना पाण्याची कळशी घेऊन आली. सातवी पास होऊन ती गावच्या शाळेत शिकवते. तिने आधी आबांना पाणी दिले, पाटलांना दिले, मग माझ्यापुढे तांब्या धरला.

"काय वो पाटीलकाका," ती म्हणाली, "माझा नवरा एष्टीनं आला का बोटीनं?"

पाटलांना ठसका लागला. मामीने मान फिरवली. तिच्या चेहऱ्यावर हसू होते की राग, हे मला दिसले नाही.

खळे आवरल्यावर हातपाय धुऊन आम्ही घरी गेलो. मामीने भात, आमटी आणि चटणी वाढली.  खरकटी काढून झाल्यावर ती चुलीजवळच बसली आणि बोलू लागली. आम्हा तिघांना तिने मध्ये बोलू दिले नाही.

"पोलीस आला तवा मी गोठ्यात शेण काढत व्हते. म्हनला, तुमच्या जावयानं परदेशात दुसरं लगीन केलंय, तुमाला ठावं हाय का. मी म्हनलं, ठावं हाय. परक्या मानसाम्होरं आनिक काय म्हननार? माझ्याच घरात वाढल्याल्या पोराची गोष्ट मला ठावं न्हाई, आसं म्हनू? त्यानं लिवून घेतलं. त्यो गेल्यावर मी अंजीला इचारलं, अंजी, काय गं ह्ये. तिला बी ठावं नव्हतं."

तिने आबांकडे पाहिले. आबांनी मान खाली घातली.

"राग लगीन केल्याचा न्हाई. ह्यांनी मरताना मला सांगितलं व्हतं, सदाचं मन न्हाई म्हून. मी वाट बघत व्हते, कोन येऊन मला सांगतंय त्याची."

म्हणजे मामा तिला सांगून गेला होता. इतकी वर्षे तिला ठाऊक होते आणि ती आमच्यापैकी कुणी तोंडाने सांगावे म्हणून थांबली होती. त्या थांबण्याचा भार अंजनावर पडला होता. घोडेगावकडच्या एका चांगल्या घरून तिला मागणी आली होती. मंडळी येऊन बघूनही गेली. पण वाटेत कुणीतरी सांगितले की पोरीला कुंकू लागलेले आहे. मंडळी परत आली नाहीत. मामी त्यांना काय सांगणार होती? कुंकू लावणारी मेलेली, आणि ज्याच्या नावाने लावले तो साता समुद्रांपलीकडे.

मी मामीच्या पाया पडलो आणि ज्यासाठी आलो होतो ते सांगितले. मामलेदारांसमोर येऊन तिने म्हणायला हवे होते की माझे आणि अंजनाचे लग्न झालेले नाही. तिने नाही म्हटले असते तर गेर्डा तिकडेच राहिली असती, आणि मामीला दोष देण्याचा मला अधिकार नव्हता.

मामी म्हणाली, "तुझ्या बाईला सरकारचा कागुद पायजे. माझ्या लेकीला गावाचा पायजे. मी कचेरीत जाऊन 'लगीन न्हाई' म्हनून आले, तर उद्या बाया म्हनतील, टाकली तिला. कचेरीत नेऊन टाकली. आदी माझ्या लेकीचं कर. मग मी येते."

"काय करू?"

उत्तर अंजनाने दिले. "भाऊबीज झाली. पुढची यायला वर्ष लागंल. उद्याच ओवाळते मी तुला."

तिचे म्हणणे माझ्या ध्यानात यायला एक क्षण लागला. आबांच्या मात्र लगेच आले, कारण त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लागते. पण जिने चारचौघांत भाऊ म्हणून ओवाळले तिच्याशी ते कधीही लागत नाही. टाकलेली बायको असते, टाकलेली बहीण नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे गाव जमले. पलीकडच्या वाडीतली महादेव कोळी मंडळीही आली होती. धोंडिबा पाटलांनी उभे राहून सांगितले की जबाब देताना माझी चूक झाली, आणि ती माझ्याच तोंडाने दुरुस्त करायला मी डोंगर चढून आलो आहे. "पाटलाची चूक डोंगराएवढी म्हनून डोंगर चढावा लागला," कुणीतरी मागून म्हणाले, आणि लोक हसले. 

मला पाटावर बसवले. अंजना ताट घेऊन आली. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावले, कुंकवावर अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली आणि निरांजन फिरवले.  मामी देवळाच्या खांबाला टेकून उभी होती आणि ताटाकडे न पाहता जमलेल्या माणसांकडे पाहत होती. कोण कोण आले आहे, कुणी कुणी पाहिले, हे ती बघत होती. जर्मनीतला तो फळा मला त्या वेळी आठवला. तिथे नावे फळ्यावर लावून लोकांना विचारतात. इथे लोकच फळा असतात.

ओवाळणी घालायला माझ्याजवळ काही नव्हते. मी हातातले घड्याळ काढून ताटात ठेवले. अंजनाने ते कानाशी धरले. "शाळेत लावीन," ती म्हणाली. "आमचे हेडमास्तर घंटा सूर्याकडं बघून देतात."

घोडेगाव

त्याच दिवशी बैलगाडीने आम्ही घोडेगावला गेलो. मामीने धुतलेले लुगडे नेसले होते. कचेरीची पायरी ती आयुष्यात प्रथमच चढत होती. मामलेदार वयस्क होते. त्यांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, उभीच राहिली.

पाटलांचा जबाब लवकर झाला. मग मामलेदारांनी मामीला विचारले, "बाई, तुमच्या मुलीला याच्या नावाने कुंकू लावलं होतं का?"

मी घाबरलो. मामी नाही म्हणाली असती तर सगळे सोपे झाले असते. पण ती खोटे बोलणार नाही हे मला ठाऊक होते.

"लावलं व्हतं," मामी म्हणाली. "माझ्या नणंदंनं लावलं व्हतं. ती आजारी व्हती."

लिहिणारा कारकून थांबला. मामलेदारांनी चष्मा काढला.

"कुंकू लागलं, अक्षदा न्हाई पडल्या," मामी म्हणाली. "अक्षदा पडल्याबिगर लगीन व्हत न्हाई. तुमचं बी तसंच झालं आसंल. आन् आता त्यो माझ्या लेकीचा भाऊ हाय. गावाम्होरं वोवाळलाय."

"पण पोलिसांना तुम्ही म्हणालात, दुसऱ्या लग्नाची माहिती आहे."

"त्ये मी लाजंपायी म्हनलं."

मामलेदारांनी कारकुनाला लिहायला सांगितले. मग कागदावर सही घेण्याआधी त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. तो चौकशीत होता की त्यांच्या मनातला, मला कळले नाही. "या परदेशी बाईला इथे आणायला तुमची काही हरकत आहे का?"

 कचेरीच्या खिडकीबाहेर आमच्या गाडीचे बैल कडबा खात होते, तिकडे मामी पाहत राहिली.

"आजवर मला कोनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी इचारलं म्हनून सांगते. मला राग हाय. हरकत न्हाई. राग लिवू नका."

कारकुनाने फक्त हरकत नाही असे लिहिले. मामीने अंगठा उठवला आणि शाई पदराला न पुसता हात तसाच दूर धरून बाहेर आली. मी तिला काही बोलू पाहत होतो. तिने "पाय बघ, रक्त आलंय" म्हटले आणि गाडीत चढली. बुटाचा वाख खरोखरच घोट्यात रुतला होता.

तो खुलासा पुण्याला गेला, पुण्याहून मुंबईला. मी पुण्यात एका पंपाच्या दुकानात नोकरी धरली आणि वाट पाहत राहिलो. थंडी संपता संपता गेर्डाची तार आली की व्हिसा मिळाला, बोटही ठरली. बोटीची तारीख मी लगेच आबांना कळवली. त्यानंतर काही दिवसांनी आबांनी मास्तरांकडून लिहून घेतलेले पत्र आले. घोडेगावची मंडळी आंबेगावला परत आली होती. त्यांनी अंजनाला पसंत केले आणि मामीने तिथी धरली. ती तिथी वाचून मी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेलो आणि बोटीची तारीख पुन्हा पाहिली. मग गेर्डाला लिहिले. तिचे उत्तर आल्यावर मामीला जे पत्र पाठवले ते इथे देतो. याहून वेगळा समारोप मला सुचत नाही.

*ती. गं. भा. मामीस,*

*सदाशिवचा साष्टांग नमस्कार वि. वि. हे पत्र अंजना तुला वाचून दाखवील. तिने मधली वाक्ये गाळू नयेत.*

*आबांचे पत्र मिळाले. अंजनाचे लग्न ठरले हे वाचून फार आनंद झाला. त्यांनी असेही लिहिले आहे की गेर्डाची बोट त्याच दिवशी मुंबईला लागते हे कळल्यावर तू तिथी पुढे ढकलायचे म्हणते आहेस. मामी, तसे करू नकोस. आमच्यासाठी तुम्ही पुष्कळ थांबलात.*

*गेर्डाला मी सगळे लिहिले. कुंकवाचे लिहिले, देवळापुढचे लिहिले, मामलेदारांना तू काय सांगितलेस तेही लिहिले. राग लिहू नका म्हणालीस, पण तिला मी तो लिहिला. तिला तो ठाऊक असायला हवा असे मला वाटले. तिचे उत्तर आले आहे. ती म्हणते, बोटीवरून मी एकटी उतरू शकते, बहिणीच्या लग्नात भावाशिवाय कसे चालेल? बंदरावर माझे मित्र आणि त्यांच्या पत्नी जाणार आहेत. ते तिला पुण्याला आणतील. तिथून पुढे तिला कधी आणि कुठे आणायचे, आणि आणायचे की नाही, ते तू सांग. तुझा राग जाईपर्यंत थांबायला ती तयार आहे. मीही आहे.*

*मी आदल्या दिवशीच येतो. मांडवाच्या मेढी रोवायला आणि पाणी भरायला मला धरावे. नवरदेवाचा कान पिळायला भाऊ लागतो. सोयरिकीतली मंडळी पुढे होतील, मानाचा प्रश्न काढतील. कुणी काही म्हणाले तरी ती जागा दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. ती माझी आहे.*

*तुझा,*
*सदा*